जुन्या जीपचा डायनामो

सारंगखेड्याच्या यात्रेत रात्री गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. अशा वेळी जुन्या विलीज जीपचे दिवे पिवळे पडतात, अ‍ॅमीटरचा काटा वजाकडे झुकतो. लोक बॅटरीला बोल लावतात. पण महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत जोडायला घेतलेल्या या गाड्यांत डायनामो असे आणि इंजिन संथ फिरताना तो पुरेसा करंट देत नाही. 45 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर साडेसात अ‍ॅम्पिअर ओढतात. तो भार बॅटरीवर पडतो.

डायनामोच्या जागी बसवता येणारा अल्टरनेटर संथ फेऱ्यांवरही चार्जिंग करतो. बसवण्याआधी बॅटरीचं कोणतं टोक चेसीला जोडलंय ते नक्की पाहा. कित्येक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक अर्थ असे. तिथे साधा अल्टरनेटर जोडला तर डायोड क्षणात जळतात. डायनामोचा जुना कटआउटही सर्किटमधून काढावा लागतो. मग कापडी वेष्टणाची वायर बोटांत धरून वाकवा. वेष्टणाचा भुगा झाला तर ती बदलाच, वाढीव करंट तिला झेपणार नाही. गाडी 6 व्होल्टची असेल तर ती 12 व्होल्टवर नेताना बल्ब आणि कॉइलही बदलावे लागतात.

आणि काढलेला डायनामो भंगारात देऊ नका. पुढे कुणाला गाडी मूळ रूपात आणायची झाली, तर तोच लागेल.