डोंबिवलीच्या नावाच्या संख्या

डोंबिवली स्थानकाच्या नावाने गणितात एक संख्यावर्ग ओळखला जातो, हे तेथून रोज मुंबई गाठणाऱ्या किती चाकरमान्यांस ठाऊक असेल? जी. आय. पी. रेल्वेच्या काळात या स्थानकास ‘डेम्लो’ म्हणत. द. रा. कापरेकर यांना ही कल्पना तेथेच सुचली, म्हणून त्या झाल्या ‘डेम्लो संख्या’. 165 पाहा: एक आणि पाच मिळून मधला सहा. 2553 आणि 47773 यांची घडणही तशीच. 11, 111, 1111 यांचे वर्ग 121, 12321, 1234321. यांना तर कापरेकरांनी ‘अद्भुत’ हे विशेषण बहाल केले.

डहाणूस 1905 साली जन्मलेले, ठाण्याच्या शाळेत शिकलेले कापरेकर 1930 ते 1962 देवळालीस शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, हाताशी यंत्र नाही. 6174 या संख्येचे त्यांनी 1949 साली दाखविलेले वैशिष्ट्य आज जगभर परिचित आहे. परंतु आपल्याकडील अनेक गणितज्ञांनी हा सारा पोरखेळ मानला. उतारवयात निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या.

त्यांची दखल घेतली ती मार्टिन गार्डनर यांनी, 1975 साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात. त्याच सदरात 1977 साली रिव्हेस्ट, शमीर आणि अ‍ॅडलमन यांची गुप्तलेखन-पद्धत प्रथम लोकांपुढे आली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण त्या गुणाकारावरून अवयव शोधणे महाकठीण, एवढाच तिचा पाया. आव्हान म्हणून दिलेल्या 129 अंकी संख्येचे अवयव 1994 साली निघाले, तेही सुमारे सहाशे स्वयंसेवकांचे संगणक राबवून. बँकांच्या व्यवहारांस ही पद्धत आजही उपयोगी पडते. ती कापरेकरांच्या संशोधनातून निघाली, असे मुळीच नव्हे. पण ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न मूळ संख्यांच्या अभ्यासकांनाही विचारला जाई; केंब्रिजच्या हार्डींनी तर 1940 साली संख्यासिद्धान्ताच्या निरुपयोगीपणाचा अभिमानच मिरवला होता.

कापरेकर ज्यांचे वर्ग मांडीत, त्या केवळ एक या अंकाच्या संख्यांपैकी 111 चे अवयव 3 व 37 हे कोणीही तोंडी सांगेल. एकापुढे एक असे 1031 ‘एक’ लिहून होणारी संख्या मात्र मूळ आहे, याची संगणकाच्या साहाय्याने झालेली सिद्धता 1986 साली प्रसिद्ध झाली. कापरेकर त्याच वर्षी निवर्तले.