एकच गोळी, दोन कायदे

इंग्लंड व वेल्समध्ये हरणांची शिकार करणारे लांडगे काही शतकांपूर्वीच नष्ट झाले. हरणे फार वाढली की जंगलातली कोवळी रोपे आणि शेतातली पिके फस्त होतात. म्हणून तेथे ठरावीक हंगामात हरणांची शिकार करता येते. तिचे नियम १९९१ च्या 'डिअर अ‍ॅक्ट'मध्ये आहेत. नवल असे, की हा कायदा दुबळ्या शस्त्रांना मनाई करतो. धनुष्यबाण चालत नाही, छर्‍याची हवाई बंदूक चालत नाही. रायफलीच्या नळीतून बाहेर पडताना गोळीची ऊर्जा किमान २३०५ ज्यूल असावी लागते. (दोन लहान जातींच्या हरणांसाठी ही मर्यादा कमी आहे.)

या आकड्याचा अर्थ वर्गात सहज काढता येईल. गतिज ऊर्जा = १/२ × वस्तुमान × वेगाचा वर्ग. ६.५ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटर वेगाने सुटली, तर तिची ऊर्जा सुमारे २६३० ज्यूल भरते. सशांसाठी वापरतात त्या लहान रायफलीची गोळी २.६ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला ३३० मीटर धरला, तर ऊर्जा जेमतेम १४० ज्यूल. वस्तुमान अडीचपट, पण ऊर्जा मात्र सुमारे साडेअठरापट! हलकी गोळी लागलेले हरीण बहुधा जागीच मरत नाही. जखमी होऊन रानात पळते आणि तडफडत राहते.

दुसरी अट गोळीच्या टोकाची. ते मऊ किंवा पोकळ हवे. अंगात शिरताच असे टोक फुलते, गोळी रुंद होते व आपली बरीच ऊर्जा तेथेच देते. हृदय आणि फुप्फुसे तत्काळ निकामी होतात. गंमत म्हणजे, फुलणार्‍या गोळ्या युद्धात वापरू नयेत असा जाहीरनामा १८९९ च्या हेग परिषदेत निघाला होता. त्यांना 'डमडम' म्हणतात, ते कलकत्त्याजवळच्या डमडम येथील दारूगोळा कारखान्यावरून. युद्धात सैनिकाला लढण्यास असमर्थ करणे पुरेसे असते. त्याहून मोठी जखम हे क्रौर्य. शिकारीत मात्र जखमी करून सोडणे हेच क्रौर्य. गोळीचे भौतिकशास्त्र एकच, पण हेतू बदलला की नियम उलटतो.

नेम चुकलेली गोळी काही किलोमीटरही जाऊ शकते. म्हणून हरणामागे मातीचा उंचवटा नसेल, तर चाप ओढायचा नाही, अशी शिकार्‍यांची शिस्त आहे. टेकडीच्या माथ्यावर, मागे नुसते आकाश असलेले हरीण कितीही सोपे वाटले तरी सोडून द्यायचे.

कायदा ऊर्जा मोजतो ती नळीच्या तोंडाशी. हरीण उभे असते दूर. हवेच्या विरोधाने वेग घटतो आणि अंतर वाढेल तसा नेमही बेभरवशाचा होतो. किती लांबून गोळी झाडू नये, हे कायद्याने ठरवलेले नाही. ते शिकार्‍याच्या विवेकावर सोडले आहे.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे हरणांची शिकार बंद आहे. तरीही विद्यार्थ्यांना विचारून पाहा : कमीत कमी किती ऊर्जा हवी हे विज्ञान सांगेल, पण चाप केव्हा ओढू नये हे कोण सांगणार?