वऱ्हाडातील संशोधक आणि फेलोशिपचे कागद

अमरावती-अकोल्यात पीएचडी करणाऱ्याच्या हाती पैसा येण्याच्या वाटा मुख्यतः तीन: केंद्राच्या नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, राज्याच्या बार्टी-सारथी-महाज्योतीसारख्या संस्था आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठातील प्रकल्प. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला एक जवळची वाटही आहे. एमएस्सीला विद्यापीठात पहिला आलेल्याला केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर फेलोशिप मागता येते आणि तिला नेट लागत नाही. निकाल हातात असूनही केवळ माहिती नसल्यामुळे ही संधी निसटू शकते. बाकीच्या वाटांवर गुणवत्ता तर लागतेच. त्याहून अधिक लागते ती तारखांची आणि कागदांची शिस्त.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ 1 मे 1983 रोजी सुरू झाले. त्याआधी वऱ्हाडातल्या विद्यार्थ्याला पीएचडीची नोंदणी नागपूर विद्यापीठात करावी लागे. आणखी मागे गेले तर संशोधनाला पैसा म्हणजे घरची शेती किंवा कर्ज. पापळच्या पंजाबराव देशमुखांनी 1920 साली विलायत गाठली आणि वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगम-विकासावर ग्रंथ लिहिला. तो 1933 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापला. परत आल्यावर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय चालवले आणि 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. खेड्यातून आलेल्या मुलासाठी राहण्या-जेवण्याची सोय हीच त्या काळची शिष्यवृत्ती होती. आजही बाहेरगावच्या संशोधकाच्या खर्चात पहिली ओळ खोली आणि मेसचीच असते.

सुरुवात होते परीक्षेपासून. विद्यापीठाची पेट ही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले की पीएचडीला प्रवेश मिळू शकतो, पैसा मिळत नाही. राज्याची सेट उत्तीर्ण झाले की सहायक प्राध्यापकपदाची पात्रता येते, फेलोशिप येत नाही. या परीक्षांपैकी फेलोशिप येते ती नेटमधल्या जेआरएफनेच. नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रात होते. जेआरएफसाठी वयाची अट 30 वर्षांची. महिला, ओबीसी, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना 5 वर्षांची सूट. इथे पहिला कागद आडवा येतो. केंद्राच्या अर्जात विमुक्त-भटक्यांचा वेगळा रकानाच नाही. राज्यात विमुक्त किंवा भटक्या जमातीत नोंद असलेला बंजारा वा धनगर उमेदवार तिथे ओबीसी ठरतो, आणि त्याला केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमीलेअर दाखला लागतो. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेला दाखला तिथे चालत नाही. दोन्ही नमुने एकदमच काढून ठेवणे शहाणपणाचे.

परीक्षेनंतर गाईड. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाकडे 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी राहू शकतात. निवृत्तीला 3 वर्षांहून कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. महाविद्यालयांतल्या अनुदानित जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात त्याचा फटका इथे बसतो. एखाद्या विषयातले दोन ज्येष्ठ शिक्षक निवृत्त झाले की त्या विषयाच्या जागाच आटतात, आणि जेआरएफचे पत्र खिशात असलेला मुलगा गाईड शोधत फिरतो. मग विषय गाईडच्या अभ्यासक्षेत्राला जुळवून घेतला जातो. संशोधनासाठी हे काही बरे लक्षण नव्हे.

गाईड मिळाला, सिनॉप्सिस संशोधन मान्यता समितीपुढे मंजूर झाला, की पैशाचा हिशेब सुरू होतो. 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफला दरमहा 37,000 रुपये आणि दोन वर्षांनी एसआरएफ झाल्यावर 42,000 रुपये मिळतात. पाच वर्षांची बेरीज, घरभाडे सोडून, बरोबर 24 लाख होते. दोन वर्षांनंतरची बढती आपोआप होत नाही. बाहेरचा तज्ज्ञ असलेली तीन जणांची समिती काम पाहून शिफारस करते. शिक्षकांना उन्हाळ्याची सुट्टी असते, फेलोला मात्र सार्वजनिक सुट्ट्यांखेरीज वर्षाला 30 दिवसच.

घरभाड्याचा दर शहराच्या वर्गावर ठरतो. केंद्राच्या यादीत अमरावती 'वाय' वर्गात आहे, अकोला 'झेड' वर्गात. 'वाय'चा दर 'झेड'च्या दुप्पट असतो. म्हणजे तीच फेलोशिप, तेच विद्यापीठ, पण अकोल्याच्या महाविद्यालयात संशोधन केंद्र असलेल्या विद्यार्थ्याला अमरावतीच्या विद्यार्थ्याच्या निम्मेच घरभाडे. दोन्ही शहरांतल्या खोल्यांच्या भाड्यात इतके अंतर खचितच नाही.

खर्चासाठी मिळणारी कंटिन्जन्सी हा आणखी गमतीचा भाग. मानव्यविद्येच्या फेलोला पहिली दोन वर्षे वर्षाला 10,000 आणि पुढे 20,500 रुपये. विज्ञानाला 12,000 आणि 25,000. दहा हजार म्हणजे महिन्याला साडेआठशेच्याही आत. कोरकू भाषेवर किंवा मेळघाटातल्या आरोग्यसेवेवर काम करणाऱ्याला परतवाडा, सेमाडोह, हरिसालवरून घाट ओलांडत धारणी गाठावी लागते, तिथे मुक्काम करावा लागतो, एखादा दुभाष्या सोबत घ्यावा लागतो. खर्च मंजूर होतो तो पक्क्या बिलावर, आणि धारणीहून आतल्या पाड्यावर सोडणारा गाडीवाला पक्के बिल देत नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनस्पती-प्राण्यांचा अभ्यास करायचा तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. ती येईपर्यंत पावसाळा संपला, तर एक अख्खा हंगाम गेला आणि फेलोशिपचे घड्याळ मात्र चालूच राहिले.

दरमहाचा कागद दिसायला अगदी छोटा असतो. विद्यार्थ्याची हजेरी गाईड आणि विभागप्रमुखांच्या सहीने कार्यालयात येते. तिथला 'मेकर' बाबू फेलोशिपच्या पोर्टलवर त्या महिन्याची पुष्टी टाकतो, 'चेकर' अधिकारी ती मंजूर करतो, मग पैसे आधार जोडलेल्या खात्यात जमा होतात. बाबू रजेवर गेला, प्राचार्यांचा प्रभार बदलला आणि लॉगिन नव्या माणसाच्या नावे झाले नाही, तर ही साखळी तुटते आणि थकबाकी साचते. म्हणून मुरलेले संशोधक महिनाअखेरीस स्वतः कार्यालयात जाऊन उभे राहतात. प्रबंधाच्या कामात हा वेळ कुठेच मोजला जात नाही.

जेआरएफ न मिळालेल्यांसाठी राज्याच्या संस्था आहेत. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा यांच्यासाठी पुण्याचीच सारथी. इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागासवर्गासाठी नागपूरची महाज्योती. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. दर जेआरएफच्याच धर्तीवर. वऱ्हाडात कुणबी समाज मोठा असल्याने सारथी आणि महाज्योती या दोन्हींच्या जाहिराती इथे बारकाईने वाचल्या जातात. अडचण दराची नाही. जाहिरात केव्हा निघेल आणि निवड केव्हा होईल याचा भरवसा नसतो. 2023 मध्ये बार्टी, सारथी आणि महाज्योती या तिन्ही संस्थांसाठी प्रत्येकी 200 जागांची मर्यादा आली. सामाईक चाळणी परीक्षा 24 डिसेंबर 2023 रोजी झाली, जुनीच प्रश्नपत्रिका दिल्याच्या तक्रारीवरून रद्द झाली, 10 जानेवारी 2024 रोजी पुन्हा घेतली गेली आणि त्याही वेळी आक्षेप उठले. फेलोशिप नोंदणीच्या तारखेपासून द्या, ही विद्यार्थ्यांची मागणी याच विलंबातून आली, आणि ती रास्त आहे. नोंदणी आणि पहिला हप्ता यांच्या मधला काळ संशोधक काढतो तो तासिका तत्त्वावर शिकवून किंवा शिकवण्या घेऊन.

अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे गणित निराळे. 20 ऑक्टोबर 1969 रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठात जेआरएफ म्हणजे एमएस्सीचा विद्यार्थी: भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या परीक्षेतून आलेला, दरमहा 12,640 रुपये घेणारा. पीएचडीला एसआरएफ. त्याखेरीज कापूस, ज्वारी, कडधान्ये यांवरचे अखिल भारतीय समन्वित प्रकल्प आहेत. त्यांचा खर्च परिषद आणि राज्य 75:25 या प्रमाणात उचलतात. ठरावीक मुदतीच्या इतर प्रकल्पांत थेट मुलाखतीने एसआरएफ घेतले जातात. कापसाच्या शेतावर नोंदी घेणे, बोंडे मोजणे, धाग्याची लांबी तपासणे असे हाताला वळण लावणारे काम तिथे मिळते. प्रकल्प संपला की नेमणूकही संपते. अनुभवाचा दाखला मात्र पुढच्या मुलाखतीला उपयोगी पडतो, म्हणून तो प्रकल्प संपण्याआधीच मागून घ्यावा.

पीएचडीनंतरची वाट अरुंद आहे. 2023 च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे नवोदित प्राध्यापकांसाठी पंतप्रधानांच्या नावाचे संशोधन अनुदान आहे: तीन वर्षांसाठी 60 लाख रुपयांपर्यंत, वरखर्च वेगळा. महाविद्यालयातल्या तरुण शिक्षकाने लहानशी प्रयोगशाळा उभी करावी इतका हा पैसा आहे. अर्ज करायला नियमित पद लागते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या डॉक्टरेटधारकाला तो भरता येत नाही.