जादा पगार परत मागितला तर?

मुलुंडच्या व्याख्यानानंतर एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारलं, “सर, चुकून जास्त दिलेला पगार शाळा आता परत मागतेय. द्यायचा का?”

1872 च्या करार कायद्याचं कलम 72 सांगतं, चुकून मिळालेले पैसे परत करावेत. सरळ आहे. पण सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये रफीक मसीह खटल्यात म्हटलं, निवृत्तांकडून, वर्ग तीन-चारच्या कर्मचाऱ्यांकडून वसुली नको. पैसे त्यांचेच होते म्हणून नव्हे हं! चूक मालकाची, पैसे घरखर्चात गेलेले. आता काढून घेणं जास्त जाचक, म्हणून.

मात्र 2016 च्या जगदेव सिंग निकालात निवृत्त न्यायाधीशाकडूनही वसुली मान्य झाली, दोन वर्षांच्या हप्त्यांनी. कारण त्यांनी ‘जादा गेल्यास परत करीन’ असं हमीपत्र दिलेलं. असल्या कागदांवर आपण न वाचताच सही करतो. बाईंना म्हटलं, आधी तुमचं सेवापुस्तक बघा.