जुन्या मोटारीचे ब्रेक

पावसाळ्यात जिंतूरच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांमागून काळ्या मातीचा चिखल पसरतो. तेथे जोराने ब्रेक दाबिला, की चाके जखडतात व स्टिअरिंग फिरवूनही मोटार वळत नाही. १९७८ साली बॉशने मर्सिडीझसाठी सिद्ध केलेली एबीएस ही योजना अशा वेळी ब्रेकचा दाब सेकंदात अनेक वेळा सोडते व धरते. मोटारीत ती मुळात नसेल, तर मागाहून बसविण्याच्या भरीस पालकांनी पडू नये, असे आम्हांस वाटते. तो खर्च टायर व ब्रेकचे तेल यांवर करावा. असून तिचा दिवा लागला, तर सबंध यंत्र बदलण्यापूर्वी चाकाजवळचा सेन्सर तपासून घ्यावा. पुष्कळदा दोष तेथील चिखलाचा वा तुटक्या तारेचाच निघतो. तोवर साधे ब्रेक बहुधा चालतात. मात्र मुले गाडीत असता वेग कमीच ठेवावा.