तिकीट काढून खाणीत

दुपारी बारानंतर गुरुसदय रोडवर सावली म्हणून उरत नाही. बालीगंजचा हा भाग तसा झाडांचा, पण फाटकापुढची रांग नेमकी उन्हात. पुढे एका शाळेची सहल. पोरांच्या हातात झालमुरीचे कागदी पुडे, बाईंच्या हातात पोरांची यादी. घाम कपाळावरून थेट चष्म्यात उतरतो. कोलकात्याचं ऊन भाजत नाही, उकडतं.

कोलकात्यात डोंगर नाही. जमिनीखाली खणावं तर गंगेचा गाळ, चिकणमाती आणि पाणी. तरी या शहरात कोळशाची खाण आहे. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या संग्रहालयात, तिकीट काढून बघायची. हुबेहूब, पण बनवलेली.

संग्रहालय 1959 सालचं. त्याआधी हा एका उद्योगपती घराण्याचा वाडा, आणि त्याही आधी या जागेवर ठाकूर कुटुंबाचं घर. त्या कुटुंबातले पहिले भारतीय आयसीएस अधिकारी साताऱ्याला न्यायाधीश होते, तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. खाणीशी याचा काही संबंध नाही. रांगेत उभं असताना आठवतं आणि बरं वाटतं, एवढंच.

"आजोबा, आत अंधार असंल का हो?"

मागून मराठी येतं. सात-आठ वर्षांची मुलगी, डोक्यावर टोपी. शेजारी पांढरा सदरा, हातात मिटलेली छत्री. माणसं चंद्रपूरकडची. बोलताबोलता कळतं, आजोबांची सगळी नोकरी कोळशाच्या खाणीत गेली. मुलाने हौसेने इथे आणलंय. ते स्वतः फारसे उत्सुक दिसत नाहीत.

खाणीचं तिकीट वेगळं. एका वेळी एकच तुकडी आत जाते, बाकीच्यांनी थांबायचं. थांबायच्या जागी पंखा आहे, त्याच्या खाली जागा मिळवण्यावरून शाळेच्या पोरांत ढकलाढकली चालू आहे. भिंतीपलीकडून घरघर येते, थांबते, पुन्हा येते. मार्गदर्शक बाहेर येऊन डोकी मोजतो. आधी बंगालीत सांगतो, मग हिंदीत: हात लावू नका, मागे राहू नका.

आता पिंजरा. राणीगंजकडचे खाणकामगार याला डोली म्हणतात आणि ती जिथून उतरते त्या विहिरीला चानक. दार लागतं. दिवा मंद होतो. पायाखालची फळी थरथरते, भिंत वर सरकू लागते. पोरं किंचाळतात. किती खाली आलो? पोटाला वाटतं, खूप. खरं तर फारसं कुठेच नाही.

आजोबा छत्रीवर हात ठेवून उभे. "आमच्याकडं इन्क्लाइन होता. उतारावरून चालतच जायचं. जाताना काही नाही, पाळी सुटल्यावर चढताना कळायचं."

दार उघडतं. काळा बोगदा, पिवळे दिवे, रुळांवर कोळशाचा टब. मार्गदर्शक बॅटरी भिंतीवर टाकतो आणि 1774 साल सांगतो. त्या साली कंपनीच्या राज्यात राणीगंजच्या पट्ट्यात कोळसा काढायला सुरुवात झाली. आधी दामोदर नदीतून नावांनी, आणि 1855 पासून रेल्वेने तो कोलकात्याला येऊ लागला. अंतर साधारण 200 किलोमीटर. गंगेकाठच्या तागाच्या गिरण्या त्यावर चालल्या. पोरांना यातलं काही नको आहे. त्यांना टबात बसायचं आहे.

बोगदा वळतो. इथे छताला टेकू दिलेले आहेत. सगळा कोळसा काढून चालत नाही, मध्येमध्ये कोळशाचेच खांब सोडावे लागतात. वरचा डोंगर त्यांच्या डोक्यावर. दोन खांबांमधली वाट 4.8 मीटरपेक्षा रुंद ठेवायची नाही आणि 3 मीटरपेक्षा उंच नाही, असा नियम. शेवटी ते खांबही काढतात आणि मागे छत बसू देतात.

"त्याला डिपिलरिंग म्हणतात," आजोबा नातीला सांगतात. "अन् मागं जे उरते ते गोफ. तिकडं पाय ठेवायचा नाही."

मार्गदर्शक पुढे गेलेला. आजोबा थबकतात, छत्रीचं टोक वर नेतात आणि छतावर हळूच ठोकतात. ढब. आणखी थोडं पुढे. ढब, ढब.

"पोकळ आहे," ते म्हणतात. मग स्वतःच हसतात. "टणक वाजलं तर छत बरं. असं ढब वाजलं की आम्ही आधी माणसं मागं घ्यायचो."

"मग आपण पण मागं जायचं?"

"नाही वं माय. हे नाही पडत."

काचेमागे जाळीचा जुना दिवा. 1815 साली इंग्लंडात निघाला. खाणीत मिथेन साचला की याच्या ज्योतीवर निळसर टोपी दिसते, ती बघून वायूचा अंदाज घ्यायचा. शाळेच्या बाई पोरांना 1989 सालची गोष्ट सांगताहेत: राणीगंजच्या खाणीत पाणी घुसलं, तेव्हा जमिनीला भोक पाडून, पोलादी कुपी सोडून 65 जणांना एकेक करून वर काढलं. त्यावर सिनेमाही आलाय, म्हणून पोरांना ती पाठ. आजोबा मान हलवतात. तेव्हा ते नोकरीत होते. आणखी काही बोलत नाहीत.

या खाणीत गरम होत नाही. धूळ उडत नाही, पाणी गळत नाही, घशात काही बसत नाही. बाहेरच्या रांगेपेक्षा इथे सुखाचं आहे, हे जरा विचित्र वाटतं.

वर आल्यावर उजेडाने डोळे मिटतात. पोरं आरशांच्या दालनाकडे पळतात, नात त्यांच्या मागे. आजोबा मात्र दाराशी मार्गदर्शकाला गाठतात. तो पुढच्या तुकडीची तिकिटं फाडतो आहे.

"छत कोण तपासतं इथं? दर पाळीला?" ते हिंदीत विचारतात.

तो क्षणभर गोंधळतो, मग हसतो. "दादू, दिवा गेला तर इलेक्ट्रिशियन येतो."