इंजिन खोलायचं, की गाडीच भंगारात?

वीकेंडला ताम्हिणीचा बेत, आणि मुळशीच्या चढावर जुनी गाडी निळा धूर सोडतेय? म्हणजे इंजिन ऑइल खातंय, बॉस!

आमच्याकडे बाबांची २००३ची मारुती ८०० आहे. आई म्हणते 'विका', बाबा म्हणतात 'इंजिन काम करू'. पिरंगुटच्या गॅरेजवाल्या काकांचं म्हणणं, आधी कॉम्प्रेशन मोजा. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला, तर त्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला, तर रिंग किंवा बोअर झिजलाय. नाही वाढला, तर संशय व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर. हेडचं काम त्यातल्या त्यात स्वस्त. बोअरिंग, नवे पिस्टन म्हटलं की खिसा मोकळा!

८०० बंद झाली २०१४ मध्ये. पण तेच ७९६ सीसी इंजिन ओम्नी-ऑल्टोतही होतं, त्यामुळे त्यावर हात बसलेले मेकॅनिक भेटतात.

तरी पैसे काढण्याआधी गाडीखाली वाकून बघा. मुळशीच्या पावसात पत्रा कुजला असेल, तर चांगलं इंजिन बसवणार कशावर? शिवाय ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी दहा हजार रुपये झालीय. तीही हिशेबात धरा.

आमचा पत्रा ठणठणीत निघाला, म्हणून बोअरिंग ठरलं. तुमचा सडलेला असेल, तर अधिकृत स्क्रॅप केंद्र गाठा. तिथलं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये सवलत मिळवून देतं. इंजिन बदलता येतं हो, कुजलेला सांगाडा नाही!